पदांची चढण आणि सेवेचे व्रत

गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले, १९०२ पासून कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात बसू लागले, आणि तिथले सभासदत्व चालू असतानाच त्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले. साम्राज्याच्या अंदाजपत्रकावर व्हाइसरॉयसमोर बोलणारा माणूस त्याच काळात एका गावाच्या नळांची, गटारांची आणि जकातीच्या उत्पन्नाची चिंता वाहत होता. आजच्या राजकारणात आमदाराने नगरपालिकेकडे वळणे ही उतरण मानली जाते. गोखल्यांच्या चरित्रात ती तशी दिसत नाही. त्यामागे स्वभावातली नम्रता होतीच, पण धर्म आणि कर्तव्य यांविषयीची एक विचारपूर्वक घेतलेली भूमिकाही होती. सार्वजनिक कामाला साधनेचे स्वरूप देता येते का, आणि तसे दिले तर लहान पद आणि मोठे पद या भेदाचे काय उरते, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

या भूमिकेची पहिली लेखी खूण फेब्रुवारी १८९८ मधली आहे. गोखल्यांनी स्वतःपुरता एक संकल्प लिहून ठेवला होता, तो पुढे त्यांच्या कागदपत्रांत सापडला. श्रीगुरू दत्तात्रेयाच्या कृपेची याचना करून त्यांनी त्यात काही निश्चय नोंदवले आहेत: नियमाने योगाभ्यास करणे, इतिहास, तत्त्वज्ञान आणि अनेक शास्त्रांचे ज्ञान मिळवणे, मुंबईच्या कायदे कौन्सिलाचा, मग वरिष्ठ कौन्सिलाचा आणि अखेर ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होण्याचा प्रयत्न करणे, आणि अत्युच्च तात्त्विक धर्माचा प्रचारक होऊन तो जगाला सांगणे. योग आणि निवडणूक, दत्तगुरू आणि पार्लमेंट एकाच कागदावर यावीत हे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. बत्तिशीच्या आतल्या त्या प्राध्यापकाला त्यात विसंगती वाटली नाही. मात्र त्या यादीतली पदे सरळ वर चढत जातात, आणि नगरपालिकेचा उल्लेख तिच्यात कुठेच नाही. संकल्पातली ही चढण आयुष्यात आडवी कशी झाली, हे पाहण्याजोगे आहे.

संकल्पाच्या आधीच्या वर्षी गोखले एका कठोर प्रसंगातून गेले होते. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले असताना पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरोघर शिरून तपासणी करणाऱ्या गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना पुण्याहून पत्रांनी कळल्या, आणि त्यांनी त्या तिथल्या वृत्तपत्रातून जाहीर केल्या. परतल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी लिहिले होते ते पुढे येईनात, आणि गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. पडताळता न आलेला आरोप आपण केला म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांतून बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भेकड ठरवले. कित्येक वर्षे ही माफी त्यांच्या नावाला चिकटून राहिली. राजकीय हिशेबाने ती चूक असेलही. राष्ट्रीय भावना पेटलेली असताना संदिग्ध खुलासा करून सुटणे सहज शक्य होते. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, हा नियम त्यांनी लोकप्रियतेच्या वर ठेवला. त्यानंतर ते पुण्यातच प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. ज्या शहराच्या नजरेतून ते उतरले होते त्याच शहराच्या गल्ल्यांत, आजाऱ्यांच्या दारात त्यांनी काम केले. १८९८ चा संकल्प या पार्श्वभूमीवर वाचला की त्यातल्या महत्त्वाकांक्षेला वेगळा अर्थ येतो. हरलेल्या, अपमानित झालेल्या माणसाने स्वतःला पुन्हा बांधून घेतले होते.

गोखल्यांच्या धर्मविचारावर दोन माणसांची छाया आहे. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले त्यांचे ज्येष्ठ सहकारी. ईश्वर आणि परलोक यांविषयी आगरकरांनी स्पष्ट संशयवाद मांडला, आणि नीतीला कोणत्याही दैवी आधाराची गरज नाही असे मानून अत्यंत नीतिमान आयुष्य जगून दाखवले. त्यांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू काही काळ गोखल्यांनी सांभाळली. दुसरे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ असलेल्या रानड्यांची ईश्वरनिष्ठा संतवाणीत मुरलेली होती, आणि इतिहासात ईश्वरी योजना काम करते असा त्यांचा दृढ विश्वास होता. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्याकडे जाऊ लागले आणि १९०१ मध्ये रानडे वारले तोवर अर्थशास्त्राचे, आकडेवारीचे, अर्ज-निवेदनांचे धडे त्यांच्यापाशी गिरवत राहिले. गोखले ना आगरकरांइतके निरीश्वरवादी राहिले, ना रानड्यांसारखे प्रार्थनासमाजी झाले. आगरकरांकडून त्यांनी घेतले ते असे की सचोटीला स्वर्गाची लालूच लागत नाही. रानड्यांकडून घेतले ते असे की सरकारी अहवाल बारकाईने वाचणे हेही उपासनेच्या गांभीर्याने करायचे काम आहे. धार्मिक वृत्ती देवघरातून दफ्तरात नेण्याचे हे शिक्षण आहे, आणि आधुनिक महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात त्याची दखल घ्यावी तितकी घेतली गेलेली नाही.

मुंबई कौन्सिलातली त्यांची कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची. त्या काळच्या कौन्सिलांत सरकारी सभासदांचे बहुमत असे आणि निवडणूक अप्रत्यक्ष असे. नगरपालिका आणि लोकल बोर्डे अशा संस्थांमधून मोजके लोक येत. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आले. सावकाराच्या हाती जमीन जाऊ नये म्हणून शेतकऱ्याचा जमीन हस्तांतरित करण्याचा हक्क मर्यादित करणे, असे त्याचे समर्थन होते. दुष्काळाने पिचलेल्या कुणब्याची पत यामुळे बुडेल आणि सरकारच सर्वांत मोठा जमीनमालक होईल, असे गोखल्यांनी दाखवले. बिल मागे घेतले जात नाही असे दिसल्यावर फिरोजशहा मेहता सभात्याग करून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर बाहेर पडणाऱ्यांत गोखलेही होते. स्वभावाने मवाळ, सभेचे शिष्टाचार जपणाऱ्या माणसाला ते पाऊल सहज सुचलेले नव्हते. कलकत्त्यात मेहतांची जागा रिकामी झाली तेव्हा गोखले तिथे गेले. मार्च १९०२ मधले त्यांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण गाजले ते एका साध्या नैतिक प्रश्नामुळे: देश दुष्काळात होरपळत असताना सरकारी तिजोरीत शिल्लक पडते, ती कोणाच्या पोटातून आली? मिठावरच्या कराविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने उतरला आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

नगरपालिकेचे काम याहून निराळ्या जातीचे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला दिशा दिली होती आणि १९०१ मध्ये मुंबई प्रांतात जिल्हा नगरपालिकांचा नवा कायदा झाला होता. पण अधिकार तोकडे, उत्पन्नाचा मोठा भाग जकातीचा आणि कलेक्टरची नजर कायम वर. प्लेग पुन्हा पुन्हा येत होता. अशा संस्थेच्या अध्यक्षाला वक्तृत्वाचा उपयोग फारसा नसतो. कलकत्त्यात गोखले एखाद्या कराविरुद्ध बोलत तेव्हा तो लादणारे सरकार समोर होते. पुण्यात कर बसवणारे तेच, आणि देणारा शेजारी. विरोधकाला एक नैतिक सोय असते: निर्णयाचा भार दुसऱ्यावर असतो. नगराध्यक्षाला ती सोय नाही. नळ कोणत्या पेठेत आधी जाणार, कोणाचा ओटा रस्त्यासाठी पाडायचा, थकबाकीदार ओळखीचा निघाला तर काय करायचे, याची उत्तरे त्याला रोज द्यावी लागतात आणि ज्यांना ती बोचतात ते सकाळी दारात उभे असतात. कौन्सिलाच्या बैठकांसाठी थंडीच्या दिवसांत कलकत्त्याला जावे लागे, त्यामुळे हे काम त्यांनी अखंड पुण्यात बसून केले असे म्हणता येणार नाही. तरी सचोटीची खरी परीक्षा इथेच होते. दूरच्या अन्यायाविषयी न्यायनिष्ठ असणे सोपे, जवळच्याला नकार देणे अवघड.

इथे गीतेतला जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. कर्म करावे, फळाची आस धरू नये, ही शिकवण लोकप्रतिनिधीला जशीच्या तशी लावली तर अनर्थ होईल. पाण्याची योजना फसली तरी आपण कर्तव्य केले म्हणून स्वस्थ राहणारा नगराध्यक्ष निष्काम म्हणवून घेईल, पण ती बेजबाबदारी होय. प्रतिनिधीचे कर्म त्याच्या परिणामांवरूनच जोखले पाहिजे, कारण ते परिणाम दुसऱ्यांना भोगावे लागतात. मग निष्कामता राहते कुठे? गोखल्यांच्या आचरणातून मिळणारे उत्तर असे की फळाचे दोन भाग करावे लागतात. लोकांच्या वाट्याचे फळ, म्हणजे कमी झालेला कर, आलेले पाणी, उघडलेली शाळा, याविषयी पूर्ण आसक्ती हवी. आकड्याआकड्यासाठी झगडले पाहिजे. कर्त्याच्या वाट्याचे फळ, म्हणजे श्रेय, पदवी, पुढची बढती, ते सोडायचे. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. त्याहून कठीण त्याग अपयशाच्या बाबतीतला होता. आपल्या पिढीच्या नशिबी अपयशातूनच देशाची सेवा करणे आहे, हे त्यांनी मनोमन स्वीकारले होते आणि कौन्सिलात बोलूनही दाखवले होते. लोकसंग्रह हा शब्द गीतेत आहेच. त्याला अंदाजपत्रक आणि जकात यांचा आशय देणे हे या पिढीचे काम होते.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली तेव्हा या विचाराला संस्थेचे रूप आले. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान मिळाले पाहिजे, हे समाजाच्या घटनेतच मांडलेले आहे. सभासदाला सात व्रते घ्यावी लागत. देशाला मनात पहिले स्थान देणे. देशसेवेतून स्वतःचा लाभ न साधणे. जात-धर्म न पाहता सर्व हिंदी लोकांना बंधू मानणे. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी समाज देईल त्यात समाधान मानणे आणि वेगळी कमाई न करणे. खासगी आयुष्य शुद्ध ठेवणे. कोणाशी वैयक्तिक भांडण न करणे. समाजाच्या ध्येयाशी विसंगत काही न करणे. या यादीत ईश्वराचे नाव नाही, मोक्षाचे नाही, कोणत्याही ग्रंथाचे नाही. ब्राह्मण, मुसलमान, ख्रिस्ती, निरीश्वरवादी असा कोणीही ती व्रते घेऊ शकत होता. संन्यासाचा साचा घेतला, पण संन्यासाचे प्रयोजन बदलले: घर सोडायचे नाही, स्वतःसाठी कमवायचे सोडायचे. पाच वर्षांची उमेदवारी अभ्यासात आणि देश पाहण्यात घालवायची होती, कारण अडाणी सद्भावनेवर गोखल्यांचा विश्वास नव्हता. हे व्रत कोठे पोचते याचा एक नमुना ठक्कर बाप्पांचा. अमृतलाल ठक्कर मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. भंग्यांच्या वस्त्यांची अवस्था त्यांनी नोकरीत पाहिली, आणि १९१४ मध्ये नोकरी सोडून ते या समाजात आले. पुढचे सारे आयुष्य अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या सेवेत गेले.

स्थानिक संस्थांविषयी गोखल्यांची आस्था त्यांचे अध्यक्षपद संपल्यावर वाढतच गेली. विकेंद्रीकरणाचा विचार करणाऱ्या हॉबहाउस कमिशनपुढे १९०८ मध्ये साक्ष देताना त्यांनी तळाशी ग्रामपंचायती, मध्ये लोकनियुक्त तालुका बोर्डे आणि नगरपालिका, आणि वर कलेक्टरला सल्ला देणारी जिल्हा कौन्सिले अशी रचना सुचवली. मग १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. त्यात त्यांच्या दोन्ही कारकिर्दी एकत्र आल्या. कायदा वरिष्ठ कौन्सिलाने करायचा, पण सक्ती लागू करायची की नाही हे नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवायचे, तेही त्या हद्दीतली ठरावीक प्रमाणातली मुले आधीच शाळेत जात असतील तर आणि सरकारची मंजुरी घेऊन. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती. महिना दहा रुपयांपेक्षा कमी प्राप्ती असलेल्या पालकाला फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारचा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेचा, असा त्यांचा हिशेब होता. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १८९३ मध्ये अमरेली तालुक्यापासून सुरुवात करून १९०६ पर्यंत सर्वत्र सक्ती नेली होती, हा दाखला त्यांच्यासमोर होता.

एका उदारमतवाद्याने सक्तीचा आग्रह का धरावा, हा या बिलातला तात्त्विक पेच. गरीब आईबापाच्या हातून मुलाची मजुरी काढून घेऊन त्याला शाळेत बसवण्याचा राज्याला हक्क काय? गोखल्यांची भूमिका अशी की मुलाचे पुढचे स्वातंत्र्य आईबापाच्या आजच्या स्वातंत्र्याइतकेच खरे आहे, आणि अज्ञान हेच सर्वांत दीर्घ बंधन आहे. पण बळजबरी करणारा हात दूरचा, अनोळखी असू नये. ज्यांच्यावर सक्ती होणार त्यांच्याच निवडलेल्या संस्थेने, स्वतःच्या खिशातला वाटा घालून ती लादावी. सक्तीला संमतीची बैठक देण्याचा हा प्रयत्न होता, आणि नगरपालिकेत बसल्याशिवाय तो सुचला नसता असे मानायला जागा आहे. १९ मार्च १९१२ रोजी बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

गोखल्यांच्या विचारावरचे आक्षेप हलके नाहीत. लोकमान्य टिळकांचा मतभेद केवळ मवाळ-जहाल असा नव्हता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि गोखल्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनीही गीता कर्मयोगपर लावली, कर्म सोडायचे नाही यावर दोघांचे एकमत होते. पण ज्या जगात अन्यायी माणसे आहेत तिथे साधूची शुद्धता पाळून राजकारण होत नाही, हे टिळकांचे ठाम मत होते. १९२० मध्ये त्यांनी ते गांधींच्या ‘यंग इंडिया’त पत्र लिहून मांडले, आणि गांधींनी तिथेच उलट बाजू घेतली. गांधी गोखल्यांना राजकीय गुरू मानत. पण १९१५ मध्ये भारत सेवक समाजाच्या सभासदांत त्यांच्या प्रवेशाविषयी एकमत होईना, तेव्हा त्यांनी आपणहून माघार घेतली. राजकारण शुद्ध असावे हा आग्रह गांधींनी घेतला, आणि कौन्सिलातल्या युक्तिवादाची जागा सत्याग्रहाला दिली.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लिखाणातून आणि भाषणांतून उभा राहतो. स्थानिक म्हणजे जवळचे, आणि जवळचे म्हणजे न्याय्य, हे समीकरण ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याला पटणार नाही. मुंबईच्या कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतींच्या बिलावर बोलताना आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना आंबेडकरांनी गावगाड्याविषयीचे हे सत्य कठोर शब्दांत सांगितले. गोखल्यांच्या काळातल्या नगरपालिकेचा मतदार कर भरणारा, बहुधा उच्चवर्णीय पुरुष होता. अशा संस्थेची संमती ही सर्वांची संमती नव्हे. सेवेच्या व्रतातही एक उणीव आहे. व्रत घेणारा देणारा असतो, आणि ज्याची सेवा होते तो घेणाराच राहतो. बंधुत्वाचे तिसरे व्रत कितीही मनापासून पाळले तरी बंधूला हक्काने आसन मिळाले असे होत नाही. त्यासाठी मताधिकार, राखीव जागा, कायदा लागतो. गोखल्यांनी अस्पृश्यतेचा जाहीर निषेध केला होता आणि त्यात कळकळ होती. तरीही हा आक्षेप त्यांच्या विचारातला अपुरेपणा नेमका दाखवतो, आणि त्यांच्या नावाचा आदर राखूनच तो मान्य केला पाहिजे.

पुढच्या पिढीत कायदे कौन्सिल ते महापालिका ही वाट रुंद झाली. देशबंधू चित्तरंजन दास १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाचे नेते म्हणून बंगालच्या कौन्सिलात गेले आणि १९२४ मध्ये कलकत्त्याचे महापौर झाले. महापौर म्हणून बोलताना त्यांनी दरिद्रनारायणाच्या सेवेचा आदर्श समोर ठेवला. गोखल्यांनी मुद्दाम बाहेर ठेवलेला देव असा विवेकानंदांच्या वाटेने नगरपालिकेत आला. विठ्ठलभाई पटेल मुंबईच्या कौन्सिलात असताना त्यांनी गोखल्यांच्या बिलाचा धागा उचलला. १९१८ मध्ये त्यांचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर झाला आणि मुंबई प्रांतातल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. पुढे विठ्ठलभाई मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचे. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षात वारलेल्या गोखल्यांना यातले काही पाहता आले नाही. सहा वर्षांपूर्वी कलकत्त्यात फेटाळलेली तरतूद १९१८ मध्ये मुंबईत कायदा झाली, आणि तिची अंमलबजावणी नगरपालिकांच्या हाती आली.